अभ्यासाबाहेरचा अभ्यास

दहावी-बारावीचे वर्ष उजाडले की अनेक घरांत पहिली कुऱ्हाड कोसळते ती गाण्यावर. पेटी कपाटावर चढते, तबल्याची जोडी खाटेखाली सरकते, तानपुरा गवसणीत जातो. ‘आधी शिक्षण, मग गाणे’ असे घरातील वडीलधारी माणसे सांगतात. त्यांच्या सांगण्यात आकस नसतो, काळजी असते. परीक्षा संपते, महाविद्यालय सुरू होते, त्यामागोमाग नोकरीचा शोध येतो, संसार येतो आणि ते ‘मग’ पुष्कळांच्या आयुष्यात कधी उगवतच नाही.

या ‘आधी’ आणि ‘मग’ यांच्या मुळाशी एक समजूत आहे. शिक्षण आणि संगीत ही एकाच वेळेवर हक्क सांगणारी दोन भावंडे असून एकाला दिले की दुसऱ्याचे कमी होते, अशी ती समजूत. वेळेपुरते पाहिले तर ती खोटी नाही. दिवसाचे तास चोवीसच असतात आणि एक तास रियाजाला दिला तर तो अन्यत्र मिळत नाही. परंतु शिक्षण म्हणजे केवळ पाठ्यपुस्तकाला दिलेले तास नव्हेत. एखादा विषय मुळापासून समजून घेण्याची ओढ, समजले नाही तर पुन्हा विचारण्याचे धैर्य, हाती घेतलेले काम तडीस नेण्याची चिकाटी आणि आपल्याच कामाकडे चिकित्सक दृष्टीने पाहण्याची सवय, हेही शिक्षणच होय. या गोष्टी वर्गात मिळतात तशा वर्गाबाहेरही मिळतात. विद्यार्थ्याने मन लावून केलेले गाणे ही त्या मिळवण्याची एक मोठी जागा आहे. अट एकच, ते गाणे नुसता विरंगुळा न राहता व्यासंग झाले पाहिजे.

विरंगुळा आणि व्यासंग यांत फरक कोणता? विरंगुळ्याला आरंभ असतो, शेवट नसतो. आज एक गीत गुणगुणले, उद्या दुसरे, परवा बासरी आणली, पुढच्या महिन्यात गिटार. ‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ अशी त्याची गत होते. व्यासंगाला मात्र एक हेतू असतो. एक राग वर्षभर गायचा, गावातील दहा जुनी गाणी चालींसह टिपून ठेवायची, एका कवितेला चाल लावून ती चार लोकांपुढे सादर करायची, असे एखादे काम विद्यार्थी स्वतःवर लादून घेतो. ते काम करताना त्याच्या मनात प्रश्न उठतात. ही चाल दुःखी का वाटते? हाच स्वर त्या गायकाकडे वेगळा का लागतो? आजी गाते ते गाणे कोणत्याच पुस्तकात का सापडत नाही? अशा प्रश्नांची नोंद जो ठेवतो, त्याचा छंद हळूहळू विद्येकडे वळू लागतो. महाराष्ट्राच्या आणि भारताच्या संगीतेतिहासात याचे एक ठळक उदाहरण आहे. विष्णु नारायण भातखंडे हे त्यांचे नाव.

भातखंडे यांचा जन्म 10 ऑगस्ट 1860 रोजी मुंबईत वाळकेश्वर येथे झाला. घर मध्यमवर्गीय होते. त्या काळी अशा घरांतून भजन-कीर्तनाचे कौतुक असले, तरी मुलाने गवई व्हावे अशी इच्छा कोणी बाळगीत नसे. शाळकरी वयात ते बासरी वाजवू लागले. पुढे महाविद्यालयीन शिक्षण घेता घेता वल्लभदास यांच्याकडे ते सतार शिकले. 1884 मध्ये, पदवी हाती येण्यापूर्वीच, ते ‘गायन उत्तेजक मंडळी’चे सभासद झाले. पारशी समाजातील संगीतप्रेमी गृहस्थांनी 1870 मध्ये मुंबईत स्थापन केलेली ही संस्था होती. तेथे नामांकित गायक-वादक येत, त्यांचे गायन होत असे आणि सभासदांना शिकताही येत असे. 1885 मध्ये भातखंडे बी. ए. झाले आणि 1887 मध्ये एलएल. बी. म्हणजे एका बाजूला कायद्याची पुस्तके आणि दुसऱ्या बाजूला रावजीबुवा बेलबागकर यांच्यासारख्या गुणी जनांकडून मिळणारी धृपदे, असा त्यांच्या तरुणपणाचा दुहेरी क्रम होता. एकाने दुसऱ्याचा घास घेतला नाही. उलट कायद्याच्या अभ्यासातून अंगी येणारी पुरावा तपासण्याची, साक्ष ताडून पाहण्याची वृत्ती त्यांनी पुढे संगीतात वापरली.

मंडळीत बसून ऐकताना त्यांच्यापुढे एक कोडे उभे राहिले. एकाच रागाचे नाव घेऊन दोन गायक दोन निरनिराळी स्वररूपे गात. कोणते बरोबर, असे विचारले तर ‘आमच्या घराण्यात असेच गातात’ असे उत्तर येई. जुन्या संस्कृत ग्रंथांत रागांची लक्षणे होती, पण ग्रंथातील राग आणि मैफलीतील राग यांचा मेळ बसत नव्हता. गाणारे ग्रंथ वाचत नव्हते आणि ग्रंथ वाचणारे गात नव्हते. सामान्य रसिकाने हे ऐकून सोडून दिले असते. भातखंडे यांनी ते आपले काम मानले. त्यांनी काही वर्षे वकिली केली, काही काळ कराचीतही काढला. पुढे पत्नी आणि कन्या यांच्या निधनानंतर मात्र त्यांनी वकिलीतून मन काढून घेतले आणि तरुणपणी पडलेल्या त्या प्रश्नांच्या मागे सगळे आयुष्य लावले.

1904 मध्ये ते दक्षिण भारतात गेले. तेथे व्यंकटमखी यांच्या बहात्तर मेळांच्या पद्धतीचा त्यांना जवळून परिचय झाला. नंतरच्या वर्षांत त्यांनी नागपूर, कलकत्ता, अलाहाबाद, बनारस अशा ठिकाणी प्रवास केला. प्रत्येक गावी ते ग्रंथालये धुंडाळीत, पंडितांना भेटत, उस्तादांना ऐकत आणि प्रश्न विचारत. काहींनी मोकळेपणाने सांगितले, काहींनी टाळले. घराण्याची चीज परक्याच्या हाती देणे म्हणजे पोटावर पाय देणे, असे अनेक गायकांना वाटे आणि त्यांच्या बाजूने पाहता ते अगदीच चूक म्हणता येत नाही. कारण ती चीज हीच त्यांची शेती आणि तीच त्यांची शिदोरी होती. या प्रवासांत भातखंडे दैनंदिनी लिहीत असत. कोण भेटले, काय विचारले, काय उत्तर मिळाले, त्यात पटण्यासारखे काय आणि न पटण्यासारखे काय, याची ते नोंद करीत. त्या नोंदी म्हणजे केवळ प्रवासवर्णन नव्हे. प्रश्न पडलेल्या माणसाने आपल्या मनाशी चालवलेला तो संवाद होय. पुढे उभ्या राहिलेल्या ग्रंथांचा पाया अशा नोंदींनीच घातला.

त्या ग्रंथांपैकी ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’ हा मोठा ग्रंथ त्यांनी मराठीत लिहिला. त्याची रचना ध्यानात घेण्याजोगी आहे. तो गुरू आणि शिष्य यांच्यातील प्रश्नोत्तरांच्या रूपाने लिहिलेला आहे. शिष्य शंका काढतो, गुरू खुलासा करतो, शिष्याचे समाधान झाले नाही तर तो पुन्हा विचारतो. विद्यार्थिदशेत ज्याच्या शंकांना ‘आमच्याकडे असेच आहे’ एवढेच उत्तर मिळाले होते, त्या माणसाने पुढच्या विद्यार्थ्यांसाठी शंका विचारण्याची हक्काची जागाच ग्रंथात निर्माण करून ठेवली. चालू संगीताची रागव्यवस्था त्यांनी दहा थाटांत मांडली, तीही या प्रश्नांचा माग काढीतच.

दुसरे काम होते ते चिजा लिहून ठेवण्याचे. त्यासाठी त्यांनी एक सोपी स्वरलिपी बनवली. शुद्ध स्वराला काहीच खूण नाही. कोमल स्वराच्या खाली आडवी रेघ. तीव्र मध्यमाच्या डोक्यावर उभी रेघ. खालच्या म्हणजे मंद्र सप्तकातील स्वराखाली टिंब आणि वरच्या म्हणजे तार सप्तकातील स्वरावर टिंब. एका मात्रेत दोन-तीन स्वर येत असतील तर त्यांना खालून कंसासारख्या वक्र रेघेने बांधायचे. तालाच्या समेला फुली, खालीला शून्य. एवढ्या मोजक्या खुणांवर त्यांनी ‘क्रमिक पुस्तकमालिके’च्या सहा भागांत दीड हजारांहून अधिक बंदिशी छापून सर्वांसाठी खुल्या केल्या. ज्याला कोणा उस्तादाच्या घरी वर्षानुवर्षे राहणे शक्य नाही, अशा माणसालाही गाण्याच्या दारापर्यंत पोहोचण्याची वाट त्यामुळे मिळाली. बडोद्यात 1916 मध्ये भरलेली अखिल भारतीय संगीत परिषद, ग्वाल्हेरचे 1918 मधील संगीत महाविद्यालय, लखनऊचे 1926 मधील मॅरिस कॉलेज या सर्वांच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा होता. लखनऊची ती संस्था आज त्यांच्याच नावाने विद्यापीठ म्हणून ओळखली जाते.

भातखंडे यांच्या कार्यावर आक्षेपही घेतले गेले. स्वरलिपीत मींड, आंदोलन, आवाजाचा लगाव या गोष्टी पुरत्या उतरत नाहीत. लिहिल्यामुळे गाणे गोठते. दहा थाटांत सगळे राग नीट बसत नाहीत. परंपरेने गाणाऱ्या कलावंतांविषयी त्यांची भाषा काही ठिकाणी कठोर झाली आहे, असे हे आक्षेप आहेत. त्यांत तथ्य नाही असे नाही. कागदावरची बंदिश पाहून कोणी गवई होत नाही, गुरूच्या गळ्यातून आलेले गाणे गुरूसमोर बसूनच मिळते. परंतु या आक्षेपांमुळेही मूळ मुद्द्याला बाध येत नाही. त्यांचे लिखाण समोर होते, म्हणूनच त्यातील उणिवा दाखवता आल्या. जे लिहिले गेले नाही, ते तपासताही येत नाही आणि सुधारताही येत नाही.

येथे कोणी म्हणेल की भातखंडे हे असामान्य पुरुष होते, पदवी आणि वकिली यांमुळे त्यांच्या पायाखाली भक्कम जमीन होती, त्यांचे उदाहरण सामान्य विद्यार्थ्याला काय उपयोगाचे? शंका रास्त आहे. पोटाची सोय असल्याशिवाय व्यासंग फुलत नाही, हे कडू असले तरी सत्य आहे. मात्र भातखंडे मैफलीचे गायक म्हणून नावाजले गेले नाहीत, हे विसरता कामा नये. विद्यार्थिदशेतील संगीताचे फळ म्हणजे टाळ्या आणि बिदागीच असे जे मानतात, त्यांच्या हिशेबाने त्यांचे सतार शिकणे वायाच गेले असे म्हणावे लागेल. प्रत्यक्षात ते वाया गेले नाही, कारण त्या शिक्षणाने त्यांना कान दिला आणि कानाने प्रश्न दिले. कलावंत होणे हे संगीत शिकण्याचे एक फळ आहे, एकमेव फळ नव्हे.

शिक्षण आणि कलावंतपण हातात हात घालून चालल्याचीही उदाहरणे आहेत. डॉ. प्रभा अत्रे यांनी पुण्यात विज्ञान आणि कायदा या दोन्ही शाखांच्या पदव्या घेतल्या. त्याच वेळी त्या सुरेशबाबू माने आणि हिराबाई बडोदेकर यांच्याकडे किराणा घराण्याची गायकी शिकत होत्या. पुढे त्यांनी आकाशवाणीवर काम केले, सरगम या विषयावर संशोधन करून डॉक्टरेट मिळवली, एस. एन. डी. टी. महिला विद्यापीठात संगीत विभागाचे प्रमुखपद सांभाळले, स्वतः बंदिशी रचल्या आणि संगीतावर पुस्तके लिहिली. 2022 मध्ये त्यांना पद्मविभूषण सन्मान मिळाला आणि जानेवारी 2024 मध्ये त्यांचे निधन झाले. गाताना जे सुचते ते का सुचते, याचा विचार करून तो शब्दांत मांडण्याची त्यांची सवय अखेरपर्यंत टिकली. नोकरी करून गाणे जपणाऱ्यांत वसंतराव देशपांडे यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल. लष्करी हिशेब खात्यात दीर्घकाळ कारकुनी करीत त्यांनी आपले गाणे जिवंत ठेवले. नोकरी सोडल्यानंतर 1967 मध्ये रंगभूमीवर आलेल्या ‘कट्यार काळजात घुसली’ या नाटकात महाराष्ट्राने त्यांच्या गळ्याचे तेज पाहिले. ते तेज एका रात्रीत आले नव्हते. कचेरीतील फायलींच्या आड ते वर्षानुवर्षे जपलेले होते.

आता प्रश्न उरतो तो ज्यांना महाविद्यालयाची पायरीच चढता आली नाही त्यांचा. त्यांच्यासाठी हा विचार परका आहे काय? मुळीच नाही. महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांत पिढ्यान्‌पिढ्या स्त्रिया पहाटे जात्यावर दळताना ओव्या गात. कोणी त्यांना स्वरज्ञान दिले नव्हते, बहुतेकींना अक्षरओळखही नव्हती. परंतु दगडी जात्याच्या घरघरीच्या तालावर त्यांनी माहेरची ओढ, भावाची वाट पाहणे, लेकीचे सासर, दुष्काळ, महागाई, विठ्ठलाची भक्ती आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांविषयीची कृतज्ञता असे सगळे गायले. दैनंदिन जगण्याचे चिंतन स्वरांत बांधण्याचे याहून सुंदर उदाहरण सापडणे कठीण. पिठाच्या गिरण्या आल्या, स्त्रियांचे कष्ट कमी झाले, हे फार चांगले झाले. पण जात्याबरोबर ओव्याही मुक्या होऊ लागल्या. हे ओळखून गी प्वातवाँ आणि हेमा राईरकर यांनी सहकाऱ्यांसह गावोगाव हिंडून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. काही हजार ओव्या गाणाऱ्यांच्याच आवाजात ध्वनिमुद्रित झाल्या. पुढे 2017 पासून ‘पारी’ या ग्रामीण भारताविषयीच्या संग्रहाने त्या लोकांपुढे आणण्यास सुरुवात केली. कोणाची आजी, कोणाची आई, कोणाची शेजारीण यांच्या मनातले विचार अशा रीतीने राष्ट्राचा ठेवा झाले.

या दोन उदाहरणांना जोडणारा धागा सूक्ष्म असला तरी बळकट आहे. मुंबईतील पदवीधराने उस्तादांच्या चिजा टिपल्या, तर संशोधकांनी निरक्षर स्त्रियांच्या ओव्या टिपल्या. दोन्ही ठिकाणी गाणे आधीपासून होतेच. कोणीतरी कान देऊन ऐकले, प्रश्न विचारले आणि लिहून ठेवले, म्हणून ते पुढच्या पिढीच्या हाती आले. हे काम करण्यासाठी विद्वत्तेपेक्षा आस्था अधिक लागते. बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर, तंजावर किंवा बेळगाव येथे राहणाऱ्या मराठी घरांतही अशी गाणी आहेत. लग्नातील हळदीची गाणी, पाळणे, भोंडल्याची गाणी, आरत्यांच्या जुन्या चाली यांचा तेथील शेजारच्या भाषांशी कसा संकर झाला, हे एखाद्या विद्यार्थ्याने टिपून ठेवायचे ठरवले तर त्याला दूर कोठे जावे लागणार नाही. घरातील वृद्ध माणसाजवळ वही घेऊन बसले तरी पुरे.

आजच्या विद्यार्थ्याजवळ जी साधने आहेत ती भातखंडे यांच्याजवळ नव्हती. खिशातल्या मोबाइलमध्ये तानपुरा वाजतो, तबल्याचा ठेका मिळतो, शंभर वर्षांपूर्वीच्या गायकाची ध्वनिमुद्रिका क्षणात ऐकता येते आणि स्वतःचे गाणे मुद्रित करून पुन्हा तपासता येते. वसतिगृहाच्या खोलीत बसून चार मित्र एक संपूर्ण गाणे तयार करू शकतात. ही सोय लहान नाही. ज्याला शिकवणी परवडत नाही, त्याच्यासाठी तर ती वरदानच आहे. परंतु सोयीबरोबर दोन धोकेही येतात. पहिला असा, की पुष्कळ ऐकायला मिळाले की थोडके नीट ऐकण्याची सवय मोडते. एक गीत अर्धे सोडून बोट दुसऱ्याकडे वळते. दुसरा धोका अधिक गंभीर आहे. गाणे तयार होताच ते लोकांपुढे टाकून किती जणांनी वाहवा केली हे मोजण्याची घाई होते. कच्च्या मडक्यात पाणी भरले तर मडके टिकत नाही. नवशिक्याचे गाणेही तसेच आहे, ते काही काळ आव्यात भाजले गेले पाहिजे. कोणी ऐकत नसताना केलेला रियाज आणि कोणी वाचणार नसलेली वही, या दोन गोष्टींनीच तो आवा पेटता राहतो.

परीक्षा आणि गुण यांचाही विचार येथे करायला हवा. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळासारख्या संस्था प्रारंभिकपासून अलंकारपर्यंत परीक्षा घेतात. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षा संस्थेच्या माध्यमिक अभ्यासक्रमात हिंदुस्थानी संगीताला स्वतंत्र विषयाचे स्थान आहे. महाराष्ट्रात शास्त्रीय संगीताची ठरावीक परीक्षा उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्यांना दहावीला वाढीव गुणही मिळतात. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने अभ्यासविषय आणि अभ्यासेतर विषय यांतील भिंत पाडण्याची भाषा केली आहे. ही सर्व पावले स्वागतार्ह आहेत, कारण त्यांमुळे गाण्याला शिक्षणाच्या घरात पाट मिळाला. मात्र गुणांसाठी गाणे आणि गाण्यातून गुण यांत मोठे अंतर आहे. ज्या घरात वाढीव गुण पदरी पडताच पेटी विकायला निघते, त्या घराने संगीताला पाट दिला, पण ताट वाढले नाही, असेच म्हणावे लागेल. परीक्षा ही मैलाचा दगड आहे. वाट किती सरली हे तो दाखवतो, वाट चालण्याचा आनंद त्याच्या हाती नसतो.

मग करावे काय? विद्यार्थ्याने प्रथम आपला आवाका ओळखावा. दिवसभर दुकानात, शेतात किंवा घरकामात राबून रात्री पुस्तक उघडणाऱ्याला चार तासांचा रियाज सांगणे ही थट्टा ठरेल. त्याने अर्धा तासच द्यावा, पण रोज द्यावा. एका वेळी एकच काम हाती घ्यावे आणि ते पूर्ण झाल्याशिवाय दुसऱ्याला हात घालू नये. वर्षभरात एकच राग, एकच कविता, गावातील एकाच वृद्धेची गाणी एवढे झाले तरी ते पुष्कळ आहे. जवळ एक साधी वही असावी. आज काय ऐकले, काय जमले, काय जमले नाही आणि मनात काय आले, हे तीन-चार ओळींत लिहावे. भाषा अलंकारिक असण्याची गरज नाही. ज्याला लिहिण्याचा सराव नाही, त्याच्यासाठी तर ही वही भाषेचीही पाठशाळा ठरेल, कारण स्वतःला खरोखर सांगायचे असते तेव्हा शब्द शोधावेच लागतात आणि शोधलेला शब्द विसरत नाही.

घरच्यांनी आणि शिक्षणसंस्थांनीही आपला वाटा उचलला पाहिजे. परीक्षेच्या महिन्यात रियाज कमी करणे समजण्यासारखे आहे, पण तो बंद करायला लावणे म्हणजे विहिरीचा उपसा बंद करण्यासारखे आहे, झरे त्यामुळे बुजतात. महाविद्यालयाने स्नेहसंमेलनाच्या चार दिवसांपुरतीच गाण्याची आठवण ठेवू नये. एक रिकामी खोली, एक पेटी, एक तानपुरा आणि आठवड्यातून एक संध्याकाळ एवढे दिले तरी विद्यार्थी बाकीचे स्वतः उभे करतात. 1977 मध्ये दिल्लीच्या भारतीय प्रौद्योगिकी संस्थेतील प्राध्यापक किरण सेठ यांनी सुरू केलेल्या ‘स्पिक मॅके’ या चळवळीने हे सिद्ध केले आहे. नामांकित कलावंतांना शिक्षणसंस्थांत आणण्याचे, कार्यक्रमाची सर्व व्यवस्था पाहण्याचे काम तेथे प्रामुख्याने विद्यार्थी स्वयंसेवक करतात. सतरंजी अंथरणारा विद्यार्थी अनेकदा त्याच सतरंजीवर बसून आयुष्यातली पहिली मैफल ऐकतो.

यात केवळ व्यक्तीच्या आनंदाचा प्रश्न नाही. ज्या समाजातील तरुण गाणे फक्त विकत घेतात आणि स्वतः गात नाहीत, त्या समाजाचा गळा हळूहळू परावलंबी होतो. भजनी मंडळात टाळ धरायला माणूस मिळत नाही, लग्नघरात मंगलाष्टके यंत्रावर वाजतात, बाळाला निजवायला पाळणा म्हणणारे कोणी उरत नाही. चार-दोन श्रेष्ठ कलावंत असल्याने ही उणीव भरून निघत नाही. श्रेष्ठ कलावंत हे शिखर असते आणि शिखर पायथ्याच्या आधाराने उभे राहते. हा पायथा म्हणजे गाण्याची जाण असलेली असंख्य सामान्य माणसे. विद्यार्थिदशेत एखादा राग घोटलेला हिशेबनीस, एखादे लोकगीत टिपलेली परिचारिका, कवितेला चाल लावलेला यंत्रकारागीर अशा माणसांनीच तो पायथा घडतो. यांतील कोणाचेही नाव इतिहासात नोंदले जाणार नाही. तरी त्यांच्या कानांमुळे गाणाऱ्याला श्रोता मिळतो आणि त्यांच्या वह्यांमुळे पुढच्या पिढीला मागचा पत्ता सापडतो.

म्हणून ‘आधी शिक्षण, मग गाणे’ या वाक्याची मांडणी बदलली पाहिजे. शिकता शिकता गावे आणि गाता गाता शिकावे, हाच क्रम अधिक नैसर्गिक आहे. वय, पदवी किंवा आवाजाची जात यांपैकी कोणतीही गोष्ट त्याच्या आड येत नाही. अठराव्या वर्षी सुटलेला स्वर अडतिसाव्या वर्षी पुन्हा धरता येतो. सुटलेली शाळा ज्याने पुन्हा धरली, त्याला हे निराळे सांगण्याची गरज नाही.